रिपोर्ट अडकू नये म्हणून

तापी आणि गोमाईच्या संगमावरचं प्रकाशा बाहेरगावच्यांना ठाऊक असतं ते दक्षिण काशी म्हणून. गावकऱ्यांचा रोजचा प्रश्न वेगळा असतो. गावात भागणार नाही असं दुखणं निघालं की शहाद्याला जायचं, की तापीचा पूल ओलांडून नंदुरबारला? कुठेही गेलं तरी पहिलं काम एकच, रक्त द्यायचं आणि रिपोर्टची वाट बघायची. तपासणीला लागणारा वेळ मशीनवर ठरलेला असतो. त्याच्यावर जो वेळ जातो तो बहुतेक वेळा आकडा मशीनमधून डॉक्टरांच्या पडद्यावर पोचण्यात जातो. हा लेख त्या मधल्या वाटेचा आहे, आणि त्या वाटेवर बसलेलं एक सॉफ्टवेअर कसं सांभाळायचं याचा.

नंदुरबार जिल्ह्यात ही वाट जरा जास्तच मोलाची आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा आदिवासी समाजांच्या या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार जुना आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतल्या ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. आधी सोल्युबिलिटी चाचणी करतात, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करून घेतात. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे सांगणारा आकडा शेवटी एका मशीनच्या पोटात तयार होतो. तो हाताने वहीत आणि वहीतून संगणकात उतरवला, तर एका नावाखाली दुसऱ्याचा आकडा जायला कितीसा वेळ लागतो? लग्न जुळवताना सिकलसेलचा रिपोर्ट बघा असं सरकारच सांगतं. म्हणून तो आकडा हात न लागता पोचलेला बरा.

शहाद्याकडच्या कुठल्याही ओपीडीत पावरी बोलणारी आजी आणि बाहेरून बदलून आलेले डॉक्टर यांच्यामध्ये एखादी सिस्टर नाहीतर आशाताई उभी असते. तिकडचं इकडे सांगते, समजलं का विचारते, डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे असले तर निरोप धरून ठेवते. इंटिग्रेशन इंजिन हेच काम यंत्रांमध्ये करतं. रक्तपेशी मोजणारं सीबीसी मशीन एका पद्धतीने बोलतं, एक्स-रेचं सॉफ्टवेअर दुसऱ्या, बिलाचं तिसऱ्या, सरकारी पोर्टल चौथ्याच. प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट जोडायचं म्हटलं तर वायरींचा गुंता होतो. म्हणून सगळे मधल्या इंजिनाशी बोलतात. इंजिन भाषांतर करतं, पोचपावती घेतं, समोरचा बंद असेल तर निरोप रांगेत ठेवतं.

एक निरोप जवळून पाहू. समजा शहाद्यात पन्नास खाटांचं एक रुग्णालय आहे आणि प्रकाशाहून आलेल्या एका बाईंचं हिमोग्लोबिन ९.८ निघालं. मशीन ते एचएल-७ नावाच्या मांडणीत लिहितं. ही मांडणी ठरवणारी संस्था १९८७ साली स्थापन झाली आणि तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे निरोप आजही जगभरच्या प्रयोगशाळांत धावतात. निरोप म्हणजे साध्या मजकुराच्या काही ओळी, उभ्या दांड्यांनी रकाने पाडलेल्या. एमएसएच नावाच्या पहिल्या ओळीत कोणी, कोणाला, किती वाजता पाठवलं ते येतं, शिवाय निरोपाचा स्वतःचा क्रमांक. पीआयडी ओळीत पेशंट. ओबीआर ओळीत कोणती तपासणी. ओबीएक्स ओळीत आकडा, त्याचं एकक, नॉर्मल मर्यादा आणि तो कमी आहे की जास्त याची खूण. निरोप कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कळावं म्हणून पुढे एक आणि मागे दोन अदृश्य बाइट लावतात. या पाकिटाला एमएलएलपी म्हणतात.

निरोप मिळाला की इंजिनाने पावती द्यायची. त्यात एए असेल तर घेतलं, एई असेल तर मजकुरात काहीतरी चूक आहे, एआर असेल तर नाकारलं. पावती आलीच नाही तर बरीच मशीन तोच निरोप पुन्हा पाठवतात. काही मात्र एकदा पाठवून मोकळी होतात. आपलं मशीन कोणत्या जातीचं आहे हे अपग्रेडच्या आधीच माहीत असायला हवं. इंजिन अर्धा तास बंद ठेवलं तर पहिल्या जातीचं काही बिघडत नाही. दुसऱ्या जातीचे अर्ध्या तासातले रिपोर्ट मशीनवर जाऊन हाताने पुन्हा पाठवावे लागतात.

आता यात राष्ट्रीय पदरही आला आहे. याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि तसाच आरोग्याच्या नोंदींसाठीचा १४ अंकी आभा क्रमांक आला. रुग्णालयाला आपला रिपोर्ट पेशंटच्या आभाशी जोडायचा असेल तर दांड्यांच्या जुन्या ओळी चालत नाहीत. तो फायर नावाच्या नव्या मांडणीत, तिच्या चौथ्या आवृत्तीत द्यावा लागतो. भारतासाठीचे तिचे नमुने पुण्याच्या सी-डॅकमधलं राष्ट्रीय ईएचआर मानक संसाधन केंद्र तयार करून प्रसिद्ध करतं. मशीन बोलणार जुनी भाषा, मिशन ऐकणार नवी. मधलं भाषांतर पुन्हा इंजिनाच्याच गळ्यात.

अशी इंजिनं बरीच आहेत. लहान-मध्यम रुग्णालयांत आणि त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांत सर्वांत जास्त नाव घेतलं जातं ते मिर्थ कनेक्टचं. ते २००६ साली मुक्त परवान्याखाली आलं, जावामध्ये लिहिलेलं आहे आणि लिनक्सवर निमूट चालतं. पैसे लागत नव्हते, म्हणून ते सर्वत्र गेलं. आणि पैसे लागत नव्हते म्हणूनच ते कोणाच्याच नावावर चढलं नाही. सीबीसी मशीनचा वार्षिक देखभाल करार असतो, लिफ्टचा असतो, एसीचा असतो. कपाटाशेजारी यूपीएसवर चालणाऱ्या लिनक्सच्या त्या खोक्याचा बहुतेक ठिकाणी नसतो. ज्याने बसवलं तो मुलगा पुण्याला नोकरीला लागलेला असतो, पासवर्ड डायरीत कुठेतरी असतो आणि सगळ्यांचं एकमत असतं की चालू आहे ना, मग हात कशाला लावायचा.

हात का लावायचा, याचं सर्वांत ठळक उत्तर २०२३ च्या ऑक्टोबरात मिळालं. मिर्थमध्ये एक भगदाड सापडलं, त्याचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२३-४३२०८. सर्व्हरच्या व्यवस्थापनाच्या पोर्टपर्यंत पोचू शकणारा कोणीही, नाव-पासवर्ड न देता, त्या सर्व्हरवर आपल्याला हवी ती आज्ञा चालवू शकत होता. गंमत म्हणजे त्याच्या आधीच्या भगदाडाला ४.४.० मध्ये जे ठिगळ लावलं होतं, तेच अपुरं पडून हे उघडं राहिलं होतं. खरी दुरुस्ती ४.४.१ मध्ये आली. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने हे भगदाड प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या भगदाडांच्या यादीत टाकलं. म्हणजे ४.४.० वर थांबून आपण अपग्रेड केलं म्हणणारे उघड्यावरच होते.

रुग्णालयावर हल्ला झाला की काय होतं हे दिल्लीच्या एम्सने २३ नोव्हेंबर २०२२ पासून अनुभवलं. सर्व्हर बंद पडले आणि जवळपास दोन आठवडे नोंदणी, दाखले, रिपोर्ट सगळं कागदावर चाललं. एम्सकडे माणसं होती. पन्नास खाटांच्या रुग्णालयात दोन आठवडे कागदावर चालवायला कोण आहे?

दुसरं कारण खालच्या जमिनीचं. इंजिन लिनक्सवर उभं आहे आणि लिनक्सलाही मुदत असते. आपल्याकडे सेंटओएस ७ नावाचं लिनक्स इतकं पसरलं होतं की विचारू नका. ३० जून २०२४ ला त्याची सुरक्षा-दुरुस्ती कायमची थांबली. सेंटओएस ८ तर त्याच्याही आधी, ३१ डिसेंबर २०२१ ला संपलं. आता अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स, डेबियन किंवा उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी.

तिसरं कारण लोकांना पटत नाही, पण ते खरं आहे. आपण काहीच न बदलताही गोष्टी बिघडतात. ३० सप्टेंबर २०२१ ला इंटरनेटवरच्या असंख्य संकेतस्थळांच्या विश्वासाचा आधार असलेलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं. ज्यांचा जावा जुना होता त्यांच्या यादीत त्याच्या जागी आलेलं नवं प्रमाणपत्र नव्हतं. कालपर्यंत जोडणारी जोडणी सकाळी नकार देऊ लागली. इकडे सगळे लाइट, लिंक, राउटर तपासत बसले.

अपग्रेडच्या कामाला लागण्यापूर्वी दोन-तीन दिवस फक्त बघायचे. इंजिनात प्रत्येक जोडणीला चॅनल म्हणतात. किती चॅनल आहेत, कोणता कुठून ऐकतो, कुठे पाठवतो, कोणत्या पोर्टवर, हे कागदावर उतरवा. डॅशबोर्डवर प्रत्येक चॅनलसमोर आलेले, गाळलेले, रांगेतले, पाठवलेले आणि चुकलेले निरोप मोजून दाखवलेले असतात. त्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. अपग्रेडनंतर एखादा चॅनल चुका दाखवू लागला तर त्या आधीच होत्या की आज लागल्या, हा वाद त्या फोटोने मिटतो. असा एखादा चॅनल हमखास सापडतो जो दोन वर्षांपासून चुका मोजत बसला आहे आणि कोणाला पत्ता नाही.

मग सर्व्हरवर उतरा. जावाची आवृत्ती कोणती, डेटाबेस कोणता, डिस्क किती भरली, हे बघा. डेटाबेसचं उत्तर डर्बी असं आलं तर थांबा. डर्बी हा मिर्थसोबत येणारा लहान डेटाबेस शिकण्यासाठी ठीक, खऱ्या रुग्णालयासाठी नाही. आधी पोस्टग्रेसवर जा, ते काम वेगळं करा, स्थिरावू द्या. दोन मोठे बदल एकाच रात्री करायचे नाहीत, कारण सकाळी काही बिघडलं तर कोणत्या बदलाने, हे कोणीच सांगू शकत नाही.

बॅकअप हा शब्द सगळे म्हणतात, म्हणून जरा खोलात जाऊ. मिर्थमध्ये सेटिंग्जमधून सगळी मांडणी एका एक्सएमएल फाइलमध्ये उतरवता येते. चॅनल, त्यांतलं भाषांतराचं जावास्क्रिप्ट, वापरकर्ते, सूचना सगळं त्यात येतं. बरेच जण इथेच थांबतात. त्या फाइलमध्ये निरोप नसतात, म्हणजे रांगेत अडकलेला कालचा रिपोर्ट तिच्यात नाही. त्यासाठी पोस्टग्रेसचा पूर्ण डंप हवा. तरीही काही गोष्टी राहतात, त्या म्हणजे इंजिनाच्या ॲपडेटा फोल्डरमधली कीस्टोअर फाइल, सर्व्हरचा ओळखक्रमांक आणि कॉन्फ फोल्डरमधली मिर्थ-डॉट-प्रॉपर्टीज ही फाइल. निरोप कुलूपबंद करून साठवत असाल तर त्या कुलपाची किल्ली कीस्टोअरमध्ये आहे आणि कीस्टोअर उघडायचा पासवर्ड प्रॉपर्टीज फाइलमध्ये. डेटाबेस वाचला आणि ही जोडी गेली तर हातात काय उरलं? वाचता न येणारे निरोप. शिवाय कस्टम-लिब फोल्डरमध्ये कोणीतरी टाकून ठेवलेली जावाची एखादी जार फाइल असते. ती विसरली की एकच चॅनल उठत नाही आणि तो नेमका सर्वांत महत्त्वाचा निघतो.

हे सगळं सर्व्हरच्या त्याच डिस्कवर ठेवून बॅकअप झाला म्हणू नका. वेगळ्या यंत्रावर न्या आणि एक प्रत जाळ्यापासून तोडलेल्या डिस्कवर ठेवा. खंडणीखोर सॉफ्टवेअर जोडलेला बॅकअपही गिळतं.

आता रंगीत तालीम. एखादं जुनं यंत्र किंवा आभासी मशीन घ्या, त्यावर नवं लिनक्स, आत्ता आहे तीच इंजिनाची आवृत्ती आणि बॅकअप उतरवा. मग तिथे अपग्रेड करा. तालमीत लोक एका ठिकाणी हमखास पडतात. बॅकअपमधले चॅनल अस्सल पत्ते घेऊन आलेले असतात. तालमीचं इंजिन उठताच ते चॅनल कामाला लागतात आणि रांगेतले जुने निरोप खऱ्या रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरला पुन्हा पाठवतात. कालचा रिपोर्ट आज पुन्हा येतो, एखाद्याच्या मोबाइलवर दुसऱ्यांदा एसएमएस जातो. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी प्रॉपर्टीज फाइलमध्ये सर्व्हर-डॉट-स्टार्टअपडिप्लॉय या ओळीपुढे फॉल्स लिहा, म्हणजे इंजिन उठेल पण चॅनल झोपलेले राहतील. त्याच्यावर फायरवॉलने त्या यंत्राची बाहेर जाण्याची वाटही बंद करा. एका कुलपावर भिस्त नको.

तालीम का, याचं कारण एका वाक्यात सांगता येतं. नवी आवृत्ती पहिल्यांदा उठते तेव्हा डेटाबेसचे तक्ते आपल्या सोयीने बदलून घेते आणि मग जुनी आवृत्ती त्यावर चालत नाही. मागे जायचं तर आधीचा डंप उतरवूनच जावं लागतं. हा डंप उतरवायला किती वेळ लागतो हे तालमीत घड्याळ लावून मोजा. दीड तास लागत असेल तर खऱ्या रात्री परतीचा निर्णय सकाळच्या ओपीडीच्या दीड तास आधी नव्हे, निदान तीन तास आधी झाला पाहिजे.

दिवस निवडताना पंचांग नव्हे, पण यात्रा बघा. महाशिवरात्रीला प्रकाशाची गर्दी असते, दत्तजयंतीपासून सारंगखेड्याची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. त्या दिवसांत अपघात विभाग रिकामा नसतो. पावसाळ्यातल्या वादळी रात्री टाळा, लाइटचा भरवसा नाही. मे महिन्यात बंद खोलीतलं यंत्र स्वतःच तापलेलं असतं. सोमवारची ओपीडी दांडगी, म्हणून रविवारची रात्रही नको. मंगळवार किंवा बुधवारी रात्री दहानंतर, कॅज्युअल्टी आणि लॅबच्या रात्रपाळीला आधी सांगून, ही माझी पसंती. सांगायचं म्हणजे तोंडी नाही. कोणत्या वेळात रिपोर्ट पडद्यावर येणार नाहीत आणि तातडीचा रिपोर्ट फोनवर कोण कोणाला सांगेल, हे लॅबच्या भिंतीवर चिकटवा.

प्रत्यक्ष कामात सर्वांत आधी चॅनल पॉज करा. स्टॉप नाही, पॉज. पॉज केला की चॅनल नवं ऐकायचं थांबवतो, पण रांगेत असलेलं पुढे पाठवत राहतो. रांगेचा आकडा शून्यावर आला की मग स्टॉप. नंतर लिनक्सवरच्या सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीला सांगून इंजिनाची सेवा थांबवा, ती खरोखर थांबली याची खात्री करा आणि तेव्हाच शेवटचा डंप घ्या. मग नवी आवृत्ती बसवा. सेवा सुरू करून लॉगकडे बघत बसा. तक्ते बदलायला मोठ्या डेटाबेसवर वेळ लागतो आणि पडदा हलत नाही म्हणून मध्येच सेवा मारणं हा या रात्रीचा सर्वांत महाग उतावीळपणा.

जावा ८ वरून १७ वर जात असाल तर इंजिनाच्या व्हीएम-ऑप्शन्स फाइलमध्ये काही जादा ओळी लागतात. त्या मिर्थच्या डॉक्स फोल्डरमध्ये तयार मिळतात. त्याच फाइलमध्ये इंजिनाने किती मेमरी वापरायची ते लिहिलेलं असतं. मुळात ती २५६ मेगाबाइट असते. कोणीतरी कधीकाळी ती दोन गिगाबाइट केली असेल आणि नव्या फाइलने ती पुन्हा मूळ पदावर आणली, तर रात्रभर सगळं छान चालतं आणि सकाळी अकराला, गर्दीच्या वेळी इंजिन गुदमरतं.

सगळे चॅनल हिरवे झाले म्हणजे काम झालं असं नाही. एक खराखुरा नमुना मशीनमध्ये घाला आणि तो डॉक्टरांच्या पडद्यावर डोळ्यांनी बघा. त्यात दोन गोष्टी मुद्दाम तपासा, कारण त्यांची चूक लॉगमध्ये दिसत नाही.

पहिली, नाव. पेशंटचं आडनाव पावरा आहे, देवनागरीत लिहिलेलं. युनिकोडमध्ये ती पाच चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट, एकूण पंधरा. जुन्या सर्व्हरवर भाषेची मांडणी यूटीएफ-८ होती. नव्या लिनक्सवर सेवा सिस्टिमडीने उठवली आणि तिला भाषा सांगितलीच नाही, तर १८ पूर्वीचा जावा साधं आस्की धरून चालतो. मग पावराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. इंजिनाच्या दृष्टीने निरोप गेला, पावती एए आली, सगळं उत्तम. पंधरा बाइटचं नाव मात्र कायमचं गेलं, प्रश्नचिन्हांतून ते परत काढता येत नाही. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ धरलं जातं. त्याआधीच्या जावाला सेवेच्या फाइलमध्ये भाषा आणि व्हीएम-ऑप्शन्समध्ये फाइल-डॉट-एन्कोडिंग सांगावं लागतं. चॅनलच्या दोन्ही टोकांनाही यूटीएफ-८ निवडा. एमएसएच ओळीच्या अठराव्या रकान्यात लिपीची नोंद करायची सोय आहे, ती वापरा.

दुसरी, वेळ. नवा सर्व्हर बसवताना वेळेचा पट्टा यूटीसी राहून जातो. पहाटे चारला काढलेलं रक्त मग आदल्या रात्री साडेदहाचं होतं, तारीखच बदलते. आयसीयूमध्ये दर चार तासांनी पोटॅशियम बघत असतील तर कोणता आकडा आधीचा आणि कोणता नंतरचा, हा गोंधळ जिवावर बेतू शकतो. पट्टा आशिया-कोलकाता करा आणि घड्याळ क्रोनी या प्रोग्रॅमने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवा. देशाच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार हे आता बंधनकारकच आहे. त्याच निर्देशांत १८० दिवसांचे लॉग देशात जपून ठेवायला आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितलं आहे. लॉगरोटेटची मांडणी सात दिवसांवर ठेवून निवांत बसलेल्यांनी ती आज बघावी.

अपग्रेड वर्षातून एक-दोनदा. देखभाल मात्र दर आठवड्याची, आणि ती कंटाळवाणी आहे हे मान्य. इंजिन बंद पडण्याचं सर्वांत सामान्य कारण हल्लेखोर नसतो, भरलेली डिस्क असते. चॅनलला निरोप किती दिवस ठेवायचे हे सांगितलं नाही तर मिर्थ ते कायम ठेवतं, कच्चा, भाषांतरित, पाठवलेला अशा अनेक प्रतींत. डिस्क भरली की पोस्टग्रेस थांबतो, पोस्टग्रेस थांबला की इंजिन थांबतं. म्हणून जुने निरोप पुसणारा डेटा प्रूनर चालू करा आणि प्रत्येक चॅनलला मुदत द्या. इंजिन हे काही रुग्णालयाचं दप्तर नाही. रिपोर्ट पोचला, पावती आली की मूळ नोंद रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. पेशंटची माहिती दोन ठिकाणी विनाकारण पडून राहणं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या दृष्टीनेही बरं नाही. एक मात्र लक्षात ठेवा, प्रूनरने पुसलं तरी पोस्टग्रेस ती जागा लगेच लिनक्सला परत देत नाही, पुढच्या निरोपांसाठी राखून ठेवतो. डिस्कचा आकडा उतरला नाही म्हणून घाबरून भर दुपारी व्हॅक्यूम फुल चालवलं तर तक्ते कुलूपबंद होतात आणि रिपोर्ट थांबतात.

याशिवाय चुकलेल्या निरोपांचा आकडा रोज कोणीतरी बघणं, रांग एका मर्यादेपलीकडे गेली की फोनवर सूचना येणं, प्रमाणपत्रांच्या मुदती कॅलेंडरमध्ये असणं, आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअप खरोखर उतरवून बघणं, एवढं पुरे आहे. व्यवस्थापनाचा ८४४३ हा पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडा ठेवू नका. नाशिकच्या किंवा सुरतेच्या पुरवठादाराला जोडायला सोपं जावं म्हणून तो उघडा ठेवलेला असतो. त्या पुरवठादाराला व्हीपीएन द्या. आणि ॲडमिन या नावाचा पासवर्डही ॲडमिनच असेल, तर बाकीचा लेख वाचायच्या आधी तो बदला.

शेवटी आवृत्ती कोणती घ्यायची, कारण इथे पायाच हलला आहे. २०२५ च्या मार्चपासून मिर्थच्या मालक कंपनीने, नेक्स्टजेन हेल्थकेअरने, ४.६ आणि पुढच्या आवृत्त्या फक्त सशुल्क परवान्यावर द्यायचं ठरवलं. ४.५.२ ही शेवटची मुक्त आवृत्ती. तिच्यावरून दोन शाखा फुटल्या. समुदायाने चालवलेलं ओपन इंटिग्रेशन इंजिन आणि इनोव्हर हेल्थकेअरचं ब्रिजलिंक. दोन्ही जुने चॅनल ओळखतात. पैसे भरून पाठिंबा परवडत असेल आणि रुग्णालयात माणूस नसेल तर सशुल्क मार्ग सरळ आहे, त्यात कमीपणा काही नाही. ते जमत नसेल तर आत्ता ४.५.२ वर या, वर्षभरात दोन शाखांपैकी जिच्या सुरक्षा-दुरुस्त्या नियमित येताना दिसतील तिच्यावर जा. ४.५.२ वर कायमचं बसून राहणं हा पर्याय नाही, कारण पुढचं भगदाड सापडेल तेव्हा तिला ठिगळ लावणारं कोणी नसेल.

आणि जे ४.४.१ च्याही मागे आहेत त्यांनी तालमीची वाट बघत न बसता आज रात्रीच तो ८४४३ पोर्ट फायरवॉलने बंद करावा. त्याला दोन मिनिटं लागतात आणि एकही रिपोर्ट अडकत नाही.